भिलईत भोंगा वाजल्यावर

कुत्र्याला घेऊन भिलईला प्रशिक्षणाला निघाले आहे, असं मी मिरजेत ज्याला ज्याला सांगितलं, त्याने आधी ढब्बूकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांचंही चूक नव्हतं. ढब्बू जाड आहे, संथ आहे, आणि त्याचं कामच झोपायचं आहे. मी अपंग मुलांच्या शाळेत व्यायाम घेते. आखडलेले पाय ताणताना मुलं कळवळून रडतात. तेच मूल ढब्बूच्या पोटावर डोकं टेकून पडलं की त्याचा श्वास संथ होतो, आणि तेवढ्यात माझं काम उरकतं. मागच्या वर्षी शाळेत वायर जळून खोलीभर धूर झाला. सगळी मुलं बाहेर काढली, तर दोन मुली ढब्बू राहिला म्हणून कुबड्या टेकत परत आत निघाल्या. त्यांना दारातून उचलून आणावं लागलं. ढब्बू आत झोपला होता. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून सांगितलं, एक तर या कुत्र्याचं काय करायचं ते शिकून या, नाहीतर त्याला घरी ठेवा.

भिलईतल्या एका श्वानप्रेमी मंडळाने असं शिबिर भरवलं असल्याचं एका डॉक्टरांकडून कळलं. काम करणारी कुत्री बाळगणाऱ्यांनी आग, धूर, वायुगळती अशा वेळी काय करायचं, हा विषय. पत्र टाकलं, होकार आला.

दुर्ग

गाडीत कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या लोखंडी पेटीत ठेवतात. दुर्गला उतरून मी तिकडे धावले. पेटीचं दार उघडलं तरी ढब्बू जागा होईना. मी पुढून ओढतेय, हमाल मागून ढकलतोय, गार्डसाहेब हिरवा झेंडा काखेत धरून उभे.

"मॅडम, जिंदा तो है ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

तेवढ्यात ढब्बूने जांभई दिली आणि स्वतःहून खाली उतरला, जणू त्याच्यासाठीच गाडी थांबली होती. हमालाने हात जोडले. मला कळेना, ते मला होते की त्याला.

स्मृती नगर

कुत्र्यासकट कुठलाच लॉज घेणार नाही, म्हणून मंडळाने माझी सोय मेश्रामकाकांच्या घरी केली होती. मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे इथल्या भाषेत प्लांटमध्ये, क्रेन चालवायचे. काचबिंदूने दृष्टी गेली आणि मुदतीआधी निवृत्त झाले. पत्नी वारल्या. आता ते आणि राणी, असे दोघंच. राणी म्हणजे तांबूस रंगाची, अर्धी लॅब्रॅडॉर आणि अर्धी गल्लीतली कुत्री. बदली झालेल्या एका साहेबाने जाताना दिलेली. आंधळ्या माणसाला वाट दाखवायला तिला काकांनी स्वतःच शिकवलं. सायकलच्या कॅरियरची सळई वाकवून तिच्या पाठीवरच्या पट्ट्याला मूठ बसवली होती, तीही त्यांनीच.

दार त्यांची मुलगी सुनीताने उघडलं. ती नागपूरला नर्स आहे. शिबिरासाठी मुद्दाम रजा काढून आली होती.

"जय भीम ताई, या. तुमचं कुत्रं कोठी हाये?"

"फाटकात झोपलंय," मी म्हटलं.

पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली काकांची वेताची खुर्ची. खुर्चीशेजारी राणीची सतरंजी. आमच्याकडे कुत्रं फार तर ओसरीपर्यंत येतं. इथे राणी आतल्या खोलीतून येऊन माझ्या पायांचा वास घेऊन, मला पसंत करून परत गेली. एक गोष्ट मला गमतीची वाटली. काका माझ्याशी आणि सुनीताशी मराठी बोलत, पण राणीशी हिंदी. "बैठ", "रुक", "दाएँ". कारण विचारलं तर म्हणाले, "रस्त्यावर सारे हिंदीच बोलतात ना. उद्या मले काई झालं तर कोणीबी तिले समजावू शकलं पाहिजे."

चहा पिता पिता काका क्रेनच्या केबिनमधून दिसणारी भट्टी सांगत होते, आणि वाक्याच्या मध्येच प्लांटचा पाळीचा भोंगा वाजला. लांबून, एकसुरी, बराच वेळ. काका वाक्य टाकून उठले. राणीही उठली. दोघं एका चालीने स्वयंपाकघराकडे गेले. राणीने तिच्या थाळीतला पोळीचा काला खाल्ला, काका पाटावर बसले, सुनीताने त्यांना वाढलं. बाहेर गल्लीत स्कूटरी सुरू झाल्या, शेजारी कुकरची शिट्टी झाली, कुणाच्या तरी पोराला आंघोळीला हाक पडली. आमच्या भागातही साखर कारखान्याचा भोंगा असतो, पण तो उसाच्या हंगामापुरता. पाडव्यानंतर कुणाला आठवतही नाही. इथे घड्याळं भिंतीवर शोभेला आहेत.

जेवण झाल्यावर काका पडले आणि सुनीता मागच्या अंगणात लाल भाजी खुडता खुडता मला खरं काय ते सांगू लागली.

"ताई, मागच्या उन्हाळ्यात स्टोव्ह भडकला होता. बाबानं हातानंच विझवला. मले सांगतलंबी नाई. मी आली तं मनगटावर डाग दिसला. म्हणे, 'काई नाई, गरम भांडं लागलं.' मी नर्स हाओ, मले भाजलेलं समजत नाई का?"

"मग?"

"मंग मी ठरवलं, बाबाले नागपूरले नेतो. ते म्हणतात, मरन पण जाईन नाई. आमची दोन दिवस बोलचाल बंद. शेवटी असं ठरलं, या शिबिराची शेवटची परीक्षा ते आणि राणी पास झाले, तं मी पुन्हा तोंड उघडणार नाई. नापास झाले, तं माझ्यासंग गाडीत बसतीन. बाबासाहेबांच्या फोटोपुढं बोलले हाये."

"आणि राणी?"

तिने भाजी पदरात घेतली. "माझी खोली तिसऱ्या मजल्यावर हाये, घरमालक कुत्रं ठेवू देत नाई," ती म्हणाली.

जुनवानीच्या बाजूचं मैदान

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी चांगली होती. मैदानावर शेकोटी करून शिबिरार्थी बसले होते. बहुतेक पहारेकरी कुत्री सांभाळणारे, पाळीत काम करणारे लोक. शिकवायला ढोके साहेब. तेही विदर्भातलेच. अग्निशमनात जन्म काढलेले, मिशा जाड, आवाज त्याहून जाड. त्यांनी नमस्कारही न करता सुरुवात केली.

"देखो भाई, तुमचं कुत्रं हुशार हाये, इमानदार हाये, सब मान्य. पण आग लागल्यावर सगळ्यात जास्त लोक कावून मरतात? कुत्र्यासाठी आत जातात म्हून. आणि कुत्रं कावून मरते? मालकाच्या मागं जाते म्हून. तं पहिलं शिकाचं ते पट्टा सोडनं."

माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन मुली आल्या. मला वाटलं होतं, कुत्र्याला धुरातून बाहेर यायला शिकवतील. ढोके साहेब आम्हालाच शिकवत होते. घाबरलेलं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून फडक्याने तोंड कसं बांधायचं. पोत्यात घालून जिन्यावरून कसं उतरवायचं. ढब्बूला पोत्यात घालताना चार माणसं लागली आणि तो मजेत होता. वारा कुठून येतो ते गालावर ओळखायचं आणि वायू सुटला तर वाऱ्याला आडवं चालायचं, घराकडे नाही. मोकळ्या जागी पोहोचलं की मदतीला येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात पट्टा द्यायचा आणि मागे न बघता दुसऱ्याचा खांदा धरायचा.

काका सगळं शांतपणे ऐकत होते. गालावर वारा ओळखण्यात ते सर्वांत पुढे. ढोके साहेबांनी सगळ्यांचे डोळे बांधून परीक्षा घेतली, तेव्हा काकांनी हसून विचारलं, "माझे कावून बांधता साहेब?" मैदानभर हशा पिकला. दुपारी मैदानाबाहेर एक बाई तव्यावर तांदळाचे चिले काढून देत होती. टोमॅटोच्या लालभडक चटणीबरोबर मी तीन खाल्ले. आमच्या घावनाचा हा भाऊ, जरा जाडसर. ढब्बूने तिच्या चुलीशेजारी जागा धरली आणि बाईने त्याला न विचारताच एक चिला टाकला. त्यानंतर शिबिर संपेपर्यंत तो मैदानावर कमी आणि तिथे जास्त.

मग तालीम झाली. मैदानाच्या एका अंगाला फक्कीने मोठं वर्तुळ आखलं होतं. त्यात वायू आहे असं समजायचं. वस्तीकडे जायची पायवाट नेमकी त्याच वर्तुळातून. ढोके साहेबांनी हाताने फिरवायचा भोंगा आणला होता. संकटाचा भोंगा पाळीच्या भोंग्यासारखा एकसुरी नसतो, चढतो आणि उतरतो, हे त्यांनी आधी तोंडाने आवाज काढून समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यांनी तो जोरात फिरवला.

झालं ते असं. मैदानावरची सगळी कुत्री एकदम उठली, शेपट्या हलवल्या आणि आपापल्या माणसांना ओढत पायवाटेने वस्तीकडे निघाली. थेट फक्कीच्या वर्तुळातून. काही माणसं ओढली जात होती, पण काही तर, मी नीट पाहिलं, आपणहूनच चालत होती. राणीही काकांना घेऊन निघाली, सरळ, वर्तुळाच्या मधोमध. माझा ढब्बू चुलीशेजारी झोपलेलाच राहिला, त्यामुळे तेवढा एक वाचला.

ढोके साहेबांनी भोंगा खाली ठेवला. "मेले," ते म्हणाले. "सारेच्या सारे मेले. ते मिरजवालं जाडं सोडून."

मग त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि एकच प्रश्न विचारला. "कुत्र्याले खायले कधी देता?"

एकाने हळूच सांगितलं, "भोंग्यावर."

"आणि तुमी?"

"भोंग्यावरच साहेब."

प्रत्येकाचं तेच. पाळीवरून घरी आलं की भोंगा, भोंगा झाला की स्वतःला ताट आणि कुत्र्याला थाळी. कित्येक वर्षांची सवय, यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. भिलईबाहेरच्या कुणाची ही चूक होणंच शक्य नव्हतं. इथल्या कुत्र्यांना भोंगा म्हणजे घर आणि पोळी, मग तो चढता असो की एकसुरी.

ढोके साहेबांनी उपाय दिला तो साधा होता. शिबिर संपेपर्यंत भोंग्याला कुत्र्याला काही म्हणजे काही द्यायचं नाही. भोंगा वाजला की कुत्र्याने जागेवर बसायचं, मालकाने पाठीवर हात ठेवून वारा बघायचा, मग वळायचं. खायला भलत्याच वेळी, रोज वेगळ्या.

स्मृती नगर, घरी

सांगणं सोपं होतं. त्या संध्याकाळी भोंगा वाजला, राणी थाळीपाशी गेली आणि काकांनी तिला "बैठ" म्हटलं. ती बसली, थाळीकडे पाहत कण्हू लागली. काका पाटावर बसले, पण घास तोंडाशी नेईनात.

"बाबा, तुमी तरी जेवा," सुनीता म्हणाली.

"ती उपाशी बसली अन् मी जेवू?"

"उपाशी कुठं? आत्ताच तं दिली पोळी."

"तिचं पोट भोंग्यावर चालते, तुह्या पोळीवर नाई."

दुसऱ्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. भोंगा झाला आणि खिडकीतून मला दिसलं, काकांनी खुर्चीखाली हात नेला, हातात पोळीचा तुकडा होता. राणीने तो अलगद घेतला. सुनीता माझ्या मागेच उभी होती, तिलाही दिसलं. ती आत गेली आणि बाप-लेकीत चांगलीच जुंपली.

"तुमाले पास व्हाचंच नाई! मले झुरवाचं हाये नुसतं!"

"सुनीता, तुले काय कळते? मले दिवस दिसत नाई, रात्र दिसत नाई. भोंगा आला का मले समजते, आता जेवाचं, आता फिरून याचं. तोबी काढून घेता तुमी. मंग मी कोण्या आधारानं उठू-बसू?"

सुनीता पाठ फिरवून भांडी आवरू लागली. दुसऱ्याच्या घरात पाहुणी असताना असं काही कानावर पडलं की माणसाला कुठे बघावं कळत नाही. मला काकांची बाजू पटत होती आणि सुनीताचीही, आणि दोघांपैकी कुणाचं तरी जाणार हे दिसत होतं. काकांनी हरावं असं मला वाटत नव्हतं, हे इथे सरळ सांगून टाकते.

थोड्या वेळाने काकांनीच हाक मारली. "सुनीता, तिची थाळी अंगणात ने. मले तिची भूक दिसत नाई, पण ऐकू येते." त्या दिवसापासून भोंग्याच्या वेळी राणी अंगणात बसे, मी तिच्या पाठीवर हात ठेवून "बैठ" म्हणे, आणि काका आत एकटे जेवत. पुढे पुढे तिचं कण्हणं कमी झालं. मग ती नुसती बसू लागली, कान टवकारून.

परीक्षा

ढोके साहेबांनी शेवटची परीक्षा मैदानावर घेतलीच नाही. ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या गल्लीत. "आग काय मैदानावर येऊन लागते?" असं म्हणाले.

सकाळी काका राणीला घेऊन रोजच्यासारखे फिरायला निघाले. परीक्षा कधी, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. घराच्या बाजूला ढोके साहेबांच्या माणसाने डब्यात ओलं गवत पेटवलं होतं. धूर वाऱ्याबरोबर गल्लीत उतरत होता. म्हणजे घराकडे जायचं नाही, वाऱ्याला आडवं चालत बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर जायचं. सुनीता आणि मी समोरच्या घराच्या कट्ट्यावर उभ्या होतो. बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. सुनीताने माझा हात धरला होता.

भोंगा वाजला, चढत आणि उतरत. राणी जागच्या जागी बसली. मला इतका आनंद झाला की ओरडणारच होते. पण काका थांबले नाहीत. ते वळले, घराकडे. दोन पावलं टाकलीदेखील. इतके दिवस आम्ही राणीला विसरायला लावत होतो. काकांच्या पायांना कुणी काही शिकवलंच नव्हतं. ते बिचारे भोंगा ऐकून जेवायला निघाले होते.

मुठीवरच्या हाताला ओढ बसली. काकांनी ओढलं. "चल राणी."

राणी हलेना.

"चल!" त्यांनी जोरात ओढलं. ती उठली, आणि घराकडे न जाता त्यांच्या गुडघ्यांपुढे आडवी उभी राहिली. त्यांनी पाय पुढे घातला तर तिने अंग रेटून मागे सारलं. सुनीताची नखं माझ्या हातात रुतत होती.

काकांचा हात वर गेला. मला वाटलं, आता मारतात. पण तो हात तिच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला. काका उभे राहिले. त्यांनी चेहरा एका बाजूला वळवला, मग दुसऱ्या. नाक किंचित वर केलं. धूर त्यांना आत्ता कळला. मग हिंदी सोडून ते हळूच म्हणाले, "बरं बाई. तू म्हणशीन तसं." आणि वळले.

मोकळ्या प्लॉटवर ढोके साहेबांचा माणूस उभा होता. काकांनी मूठ त्याच्या हातात दिली आणि मागे न बघता दुसऱ्याचा खांदा धरला. बघायला त्यांना दृष्टी नव्हती, पण मान तरी वळवता आली असती. वळवली नाही.

आम्ही धावत गेलो. कुणी काही विचारण्याआधी काकाच बोलले. "सुनीता, राणी पास. मी नापास. दोन पावलं गेलतो मी. सामान बांध."

ढोके साहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मेश्राम, मी चाळीस वर्षं लोकायले आगीतून काढलं. कुत्रं थांबलं का मालक त्याले लाथ मारते अन् पुढं जाते. तुमी थांबले. मी जोडीची परीक्षा घेतो, पायाची नाई. माझ्याकडून पास. बाकी तुमच्या पोरीचं पाहा."

सगळे सुनीताकडे पाहू लागले. तिने त्या माणसाच्या हातून मूठ घेतली, वडिलांच्या हातात दिली.

"बाबा, आईनं सांगतलं, कधी ऐकलं नाई. डॉक्टरनं सांगतलं, ऐकलं नाई. मी तं रडून सांगतलं," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा पाहिलं मी तुमाले कोणाचं ऐकताना. राहा इथंच. हिच्यासंग राहा."

मग भर गल्लीत ती वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. काका तिच्या पाठीवर थोपटत राहिले आणि राणी दोघांच्या मध्ये शिरून उभी राहिली.

परत

दुर्गला आम्हाला सोडायला काका आणि राणी आले. माझी गाडी नागपूरवरूनच जाणार होती, त्यामुळे सुनीता आणि मी एकाच डब्यात. ढब्बू मागे पेटीत, यावेळी आधीच झोपलेला. मी शाळेत जाऊन काय करायचं ते ठरवलं होतं. ढब्बूला नव्हे, मुलींनाच शिकवायचं, पट्टा सोडून द्यायला. काकांनी खिडकीतून माझ्या हातात पेरूंची पिशवी दिली, सुनीताला काही दिलं नाही, नुसता चेहरा चाचपला.

गाडी हलली. फलाटावर गर्दी होती, आवाज होते, काकांची बाजू चुकली. ते आमच्या पुढच्या डब्याकडे तोंड करून हात हलवू लागले, हसत, जोरजोरात. त्या डब्यातल्या अनोळखी लोकांनीही हात हलवले. राणी मात्र मान वळवून नेमकी आमच्या खिडकीकडे पाहत होती.

सुनीताने हाक मारली नाही. ती खिडकीतून हात बाहेर काढून राणीला हात दाखवत राहिली, फलाट संपेपर्यंत.